जाळी गेली, शेगडी राहिली

“अगं, हे बघ. शेगडी आहे तशी धडधाकट, आणि जाळीची ही दशा!” शेजारच्या वहिनींनी कंपाउंडच्या भिंतीवरून जाळी माझ्याकडे सरकवली. हातात घेतली तर बोटं लाल झाली. तारांवरचा चकचकीत मुलामा पापुद्र्यापापुद्र्याने सुटलेला, त्याखाली गंज, आणि मधल्या तीन-चार तारा वाकून खाली आलेल्या.

शेगडी म्हणजे आपली कोळशाची नव्हे हो. पाय दुमडून पेटीसारखी उचलून नेता येते ती, मुलांच्या भाषेत ‘बार्बेक्यू’. वहिनींच्या लेकीने वाढदिवसाला ऑनलाइन मागवली. दोन रविवार गच्चीवर धूर झाला, पनीर झालं, कणसं झाली, मग आषाढ लागला आणि शेगडी मागच्या अंगणात नळापाशी जाऊन पडली. कोल्हापूरचा पाऊस तुम्हाला सांगायला नको. भाऊजी रोज म्हणायचे, “झाकून ठेवा रे कुणीतरी.” हे ‘कुणीतरी’ आपणही असू शकतो, हे त्या घरात कुणालाच सुचत नाही. मी बोलले नाही, पण तुम्हाला सांगते.

“हे म्हणतायत, टाकून दे, नवी घेऊ,” वहिनी म्हणाल्या. “पाय शाबूत, डबा शाबूत, झाकण शाबूत. नुसत्या जाळीपायी टाकायची?”

टाकायची नाहीच. नवी आणली तरी तिच्यावर हीच जाळी येणार. या छोट्या शेगड्यांचा मला एक राग आहे. डब्याला छान रंग देतात, दांडीला लाकूड लावतात, शेजारी चिमटा फुकट देतात, आणि अन्न जिच्यावर ठेवायचं ती जाळी मात्र उदबत्तीएवढ्या तारेची. वरून क्रोमचा पातळ हात. आच लागली, वर लिंबू-मीठ-दही पडलं, की ते क्रोम किती दिवस टिकणार?

“मग काय करायचं? जाळी तर कुठे सुटी मिळत नाही,” वहिनी म्हणाल्या, आणि मग एकदम काहीतरी आठवलं.

“त्या कोपऱ्यावरच्या पोरांनी काय केलंय माहितेय?” वहिनींचा आवाज आपोआप खाली आला. कोपऱ्यावरच्या बंगल्यात इंजिनिअरिंगची मुलं भाड्याने राहतात. त्यांच्याबद्दल आवाज खाली करूनच बोलायची आमच्या गल्लीची रीत आहे, विषय अभ्यासाचा असला तरी. “भंगारातनं जुन्या फ्रिजची जाळी आणलीय. चार विटा मांडल्यात, त्यावर ती ठेवतात आणि कोंबडी भाजतात. फुकटात काम!”

समोर नाना स्कूटर पुसत होते. आयुष्यभर उद्यमनगरातल्या फाउंड्रीत काढलेला माणूस. फडकं तसंच हातात घेऊन भिंतीपाशी आले.

“काय म्हणालासा? फ्रिजची जाळी? आगीवर?”

“हो, का हो नाना?”

“आवं, जुन्या फ्रिजच्या जाळीवर कधीकधी कॅडमियमचा मुलामा असतोय. ३२१ अंशाला वितळतंय ते. इख हाय इख! आणि कॅडमियम नसलं तर जस्त असंल. जस्त ४२० अंशाला पातळ होतंय. लाल निखारा म्हंजे सातशेच्या वरची गोष्ट. जाळी त्याच्यापासनं चार बोटं वर. आता तुमीच हिशेब करा.”

मग नानांनी वेल्डर लोकांची गोष्ट सांगितली. जीआय पाइपला, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पाइपला, मास्क न लावता दिवसभर वेल्डिंग केलं की रात्री हुडहुडी भरून ताप येतो. सकाळपर्यंत उतरतो. वेल्डर म्हणतात, दूध प्या. “दुधानं काय व्हतंय! धूर घेऊ नये, एवढंच औषध.” आणि हे सांगता सांगता नाना निघालेच. पोरांच्या अंगणात गेले, जाळी उचलली आणि बाहेर आले. पोरं बघतच राहिली. त्या रात्री त्यांनी कोंबडी सळईत ओवून भाजली म्हणे, आणि ती जास्त चांगली झाली.

वहिनींच्या डोक्यात तोवर दुसरी कल्पना. “माझ्याकडे एक नॉनस्टिक तवा आहे. दांडी मोडलीय. तो ठेवला तर?” ठेवू नका. ते कोटिंग गॅसच्या मध्यम आचेसाठी असतं. २६० अंशांच्या पुढे ते खराब व्हायला लागतं, आणि आणखी तापलं की त्याचा वास पाखरांच्या जिवावर बेततो. वहिनींच्या पॅसेजमध्ये लव्हबर्ड्सचा पिंजरा टांगलाय. विषय तिथेच संपला.

तर मग उद्यमनगर. कोल्हापुरात राहून जाळी मिळत नाही म्हणणं म्हणजे कमालच. शिवाजी उद्यमनगरात गल्लीगल्लीत लेथ आहे, ग्राइंडर आहे, फॅब्रिकेशनवाले आहेत. ग्रिल, गेट, जिन्याचं रेलिंग करून उरलेले सळ्यांचे तुकडे त्यांच्याकडे कोपऱ्यात पडलेले असतात, आणि आपलं काम त्या तुकड्यांतच होतं.

निघताना वहिनींनी टेप लावून शेगडीचं माप कागदावर लिहिलं होतं, ४० बाय २८ सेंटीमीटर. नानांनी कागद बघितला आणि विचारलं, “हे बाहेरचं की आतलं?” बाहेरचं होतं. आतल्या बाजूला जाळी टेकायला जी कड असते, ती कुणी मोजलीच नव्हती. “आणि आतलं माप बरोबर मिळालं तरी जाळी त्याच मापाची करायची न्हाई,” नाना म्हणाले. “स्टील तापलं की वाढतंय. ४० सेंटीमीटरची जाळी तीनशे अंश तापली तर दोन मिलिमीटर लांब व्हती. जागा न्हाई ठेवली तर मधनं फुगून वर येती, न्हाईतर डब्यात अडकून बसती. मग वढा चिमट्यानं!” म्हणून जाळी चारी बाजूंनी दोन-दोन मिलिमीटर कमी. एवढा बारकावा कागदावर मावत नाही, म्हणून शेवटी शेगडीच स्कूटरच्या पुढ्यात ठेवून नेली.

फॅब्रिकेशनवाल्याने स्टीलची सळई काढली. “३०४ आहे मॅडम. चुंबक लावून बघा, चिकटणार नाही.” वहिनींनी लगेच पर्समधून फ्रिजवरचं गणपतीचं चुंबक काढलं. (पर्समध्ये ते का होतं, हे मी विचारलं नाही.) चिकटलं नाही. वहिनी खूश. नाना मात्र गालात हसले. “२०२ ला पण चिकटत न्हाई, भावा. थेंब टाकून दाखव.” भंगारवाल्यांकडे आणि स्टीलच्या दुकानांत एक तपासायचं औषध असतं. त्याचा थेंब सळईवर टाकून वर बॅटरी लावली की हलकं २०२ असेल तर थेंब लालसर होतो. त्या माणसाने दुसरी सळई काढली आणि म्हणाला, “ही घ्या.” पहिलीबद्दल कुणी काही बोललं नाही. ३०४ मध्ये क्रोमियम साधारण १८ टक्के आणि निकेल ८ टक्के. २०२ मध्ये निकेल कमी करून मँगेनीज घातलेलं असतं. स्वस्त पडतं, पण मीठ, आच आणि पाऊस तिन्ही लागले की गंज आधी तिथे दिसतो. आता खरं सांगू? तुम्ही धुऊन, पुसून, घरात ठेवणार असाल तर २०२ नेही चालेल. वहिनींच्या घराला ३०४ च हवं.

मग सळ्या उभ्या की आडव्या, यावर अर्धा तास. वहिनींना लांबीच्या दिशेने हव्या होत्या, ‘दिसायला छान’. आपण शेगडीच्या लांब बाजूला उभे राहतो. उलथणं आपल्याकडून पलीकडे सरकतं. सळ्या त्याच दिशेने हव्यात, म्हणजे उलथण्याचं तोंड दोन सळ्यांवरून सरळ जातं आणि बांगड्याचं कातडं फाटत नाही. आडव्या असल्या की प्रत्येक सळीवर ठेच. शिवाय आखूड बाजूने टाकलेली सळई २८ सेंटीमीटरच पेलते, ४० पेलायला लागली तर मधून लवकर लवते. हे पटायला वेळ लागला, कारण जुनी जाळी लांबीची होती आणि ती करणारे ‘कंपनीवाले’ होते.

सळई ६ मिलिमीटरची. दोन सळ्यांमधली फट किती? वांग्याला काहीही चालतं. कृष्णाकाठचं मोठं भरताचं वांगं अगदी निखाऱ्यावरही राहील. पण कोळंबी, पनीरचा तुकडा आणि सुकट? १२ मिलिमीटर ठेवली तर कोळंबी खाली जाते, ६ ठेवली तर धूर कमी येतो आणि घासायला जीव जातो. ८ वर तोडगा निघाला. एका कोपऱ्यात तळहाताएवढा भाग बिजागरीवर उघडणारा करून घेतला, कोळसा मधेच घालायला. हे मात्र वहिनींचं डोकं. मागच्या वेळी भाजतं पनीर जाळीसकट उचलून भाऊजींच्या हातात दिलं होतं, तेव्हापासून सुचलेलं.

वेल्डिंग आर्गॉनचं आणि टाके खालच्या बाजूने. वरच्या बाजूला टाका राहिला तर मासा तिथेच धरतो. जोडावर निळसर-तपकिरी डाग राहतात, ते दिसायला सुंदर असले तरी घासून काढायला लावायचे. गंज पहिल्यांदा तिथूनच सुरू होतो. नानांनी बोट फिरवून प्रत्येक जोड तपासला. कारागीर वैतागला, मग त्याला नाना कुठल्या फाउंड्रीत होते ते कळलं, आणि चहा आला.

आता तवा. जाळी झाली की वहिनींचं समाधान होईल असं मला वाटलं होतं. “थालिपीठ नको का लावायला? डोसा? अख्ख्या शेगडीवर बसेल असा सपाट तवा करून घेते.”

अख्ख्या शेगडीवर! इथे मला चौथ्या बंगल्यातल्या डॉक्टरीणबाई आठवल्या. त्यांची शेगडी कोळशाची नाही, गॅसच्या छोट्या डब्यावर चालणारी, सहलीला नेतात ती. बर्नरच्या शेजारीच आडवा डबा बसतो. बाईंनी त्यावर मोठा, दुप्पट रुंद तवा ठेवला. तव्याचं एक टोक डब्याच्या बरोबर वर. खालची आच परतून डब्यावर, वरून तव्याची धग. डब्यात ब्यूटेन असतो. तापला की दाब वाढत जातो आणि डबा फुटतोही. डॉक्टरसाहेबांनी वेळेत बघितलं म्हणून वाचले. त्या प्रकारच्या शेगडीला तवा डब्याच्या बाजूने बोटभरही बाहेर येता कामा नये. बाईंनी ही गोष्ट कुणाला सांगितलेली नाही. डॉक्टरांनी आमच्या ह्यांना सांगितली.

कोळशाच्या शेगडीचं दुखणं वेगळं. सगळं तोंड तव्याने बुजवलं की वर हवा जायला वाट नाही, मग खालून ओढली जात नाही, आणि निखारा गुदमरतो. धूर होतो, आच होत नाही. माणसं मग आणखी कोळसा घालतात. छोट्या शेगडीला हे फार लवकर होतं, कारण निखारा आणि तवा यांत अंतरच चार बोटांचं. म्हणून अर्धा तवा आणि अर्धी जाळी. नानांचं हे वाक्य मी फ्रिजवर चिकटवायचं ठरवलंय.

“बिडाचाच करू या,” वहिनी म्हणाल्या. त्यांचा भाचा न्यू जर्सीत असतो. त्याने फोटो पाठवले होते. तिकडे या शेगड्यांचं मोठं प्रस्थ. शिकागोकडच्या वेबर ब्रदर्स मेटल वर्क्समधल्या जॉर्ज स्टीफनने १९५२ साली पाण्यावर तरंगणाऱ्या बोयाचे धातूचे अर्धगोल घेऊन गोल शेगडी केली. भाच्याकडे तिचं साडेचौदा इंची पिल्लू आहे. तिकडे जाळ्या सुट्या मिळतात, बिडाच्याही मिळतात, आणि मोठ्या शेगड्यांना मधला गोल काढून तवा बसवता येईल अशाही. टेनेसी राज्यात साउथ पिट्सबर्ग नावाच्या गावी लॉज म्हणून बिडाची भांडी करणारी कंपनी आहे, १८९६ पासूनची.

“शहाण्णव?” नाना जरा हिरमुसले. “आपली किर्लोस्करवाडी १९१० ची. चौदा वर्षं मागं पडलो.” मग लगेच सावरले. “पण आपण नांगर ओतला. त्यास्नी कढईच सुचली.” लोखंडी नांगराने जमीन नासते म्हणून सुरुवातीला शेतकरी तो घ्यायला कचरत, अशी आठवण किर्लोस्करांच्या संदर्भात नेहमी सांगतात. नानांनी ती पुन्हा सांगितली. आम्ही पुन्हा ऐकली.

बीड म्हणजे ओतीव लोखंड, हे कोल्हापुरात कुणाला शिकवायला नको. पण नाना म्हणाले, एका तव्यासाठी साचा कोण मांडणार? आधी लाकडाचा पॅटर्न करा. बीड निवताना मीटरला १० मिलिमीटर आकसतं, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा. मग वाळूचा साचा, मग ओतकाम, मग कड घासणं. आणि ८ मिलिमीटर जाडीचा अख्खा तवा भरेल सहा किलोंच्या पुढे. या शेगडीचे दुमडते पाय म्हणजे पत्र्याची पट्टी, ते तेवढं वजन घेऊन कलंडणार. बीड पडलं तर दुखतं आणि तुटतंही. तापल्यावर गार पाणी ओतलं तर तडकतं. “बीड तापायला आळशी आणि निवायलाबी आळशी. घरच्या गॅसवर झकास. हितं तापंस्तवर तुमचा कोळसा संपतोय.”

मग ५ मिलिमीटरची साधी लोखंडी प्लेट, एचआर म्हणतात ती. डोशाच्या हॉटेलांत जी मोठी जाड प्लेट असते, तिचंच घराणं. अर्ध्या शेगडीला १९ बाय २७ सेंटीमीटर, वजन दोन किलो. आपटली तरी फुटत नाही, उरलेल्या तुकड्यातून निघते, आणि ३ मिलिमीटरच्या पत्र्यासारखी तापल्यावर वेडीवाकडी होत नाही. तीन बाजूंना बोटभर उंचीची पट्टी, चौथी मोकळी. मोकळी बाजू जाळीकडे नको, बाहेरच्या कडेला हवी, नाहीतर तेल निखाऱ्यात आणि ज्वाळा भुवयांपर्यंत.

प्लेट नुसती धुऊन वापरायची नाही. तिच्यावर कारखान्यातली काळी-निळी खपली असते. ती तशीच राहिली तर पुढे पापुद्रे निघून थालिपिठाला चिकटतात. वहिनींनी प्लेट रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवली. सकाळी काथ्याने घासली तर खपली चिखलासारखी सुटली आणि खाली राखाडी लोखंड निघालं. लगेच वाळवली, गॅसवर गरम केली, तेलाचा बोळा फिरवला आणि मग कोरड्या फडक्याने सगळं तेल पुसून काढलं. लोक चुकतात ते इथेच. भरपूर तेल ओततात, आणि मग वर चिकट पिवळा थर बसतो. तेल दिसायला नको, नुसती चमक हवी. ती पालथी घालून धूर येईस्तोवर तापवायची, निववायची आणि परत. तीन-चार वेळा केलं की काळा घट्ट थर धरतो. त्यानंतर त्यावर कांदा परतायचा, तो फेकून द्यायचा. वहिनींनी फेकला नाही, भाऊजींना ऑम्लेटमध्ये घातला. ते म्हणाले, चव वेगळी आहे. गंजाची असणार, पण मी कोण बोलणार.

मग गच्चीवर जेवण झालं. आम्ही, नाना आणि ती कोपऱ्यावरची पोरंही, कारण जाळी गेल्याचं त्यांना अजून वाईट वाटत होतं. तव्यावर भोक पाडलेलं थालिपीठ, शेजारी जाळीवर वांगी. बांगडा आला रत्नागिरीहून. बांगड्याचं एक सांगते, तेल माशाला लावायचं, जाळीला नाही. जाळी आधी चांगली तापू द्यायची, मासा ठेवायचा आणि हात लावायचा नाही. खालची बाजू झाली की तो आपण होऊन सुटतो. तुम्ही ओढला तर अर्धा वर, अर्धा खाली. पहिला बांगडा भाऊजींनी ओढला.

आवरताना वहिनींनी तारेचा ब्रश काढला, तो मी हातातून घेतला. त्या ब्रशची तार तुटून जाळीवर राहते, अन्नातून घशात जाते. अर्धा कांदा काट्याला टोचून गरम जाळीवर घासा, डोसेवाले तव्याला घासतात तसाच. नाहीतर काथ्या. तव्याला साबणाचे फार लाड नकोत. धुऊन लगेच चुलीवर कोरडा करून तेलाचा हात दिला की झालं. पावसाळ्यात वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर.

आणि कोळशाची शेगडी गच्चीवर, अंगणात, कुठेही मोकळ्यावर. पाऊस आला म्हणून ती खोलीत किंवा काचा लावलेल्या बाल्कनीत आत ओढू नका. निखाऱ्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि दरवर्षी थंडीत शेगडी आत घेऊन झोपलेल्या माणसांच्या बातम्या आपण वाचतोच.

तुमच्याकडेही अशी दुमडती शेगडी माळ्यावर पडली असेल तर टाकू नका. जाळी बदला आणि अर्धा तवा करून घ्या. मात्र माप कागदावर लिहून नेऊ नका, शेगडीच घेऊन जा.